दुकानातली बरणी आणि गावच्या किडन्या

गावातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या सर्व किराणा दुकानदार भाऊंना,

रामराम.

मी तुमच्या गावची आशा. तुमच्यातल्या बहुतेकांच्या घरची बाळंतपणं, लेकरांच्या लसी, म्हाताऱ्यांचं बीपी माझ्या वहीत आहे. आज मात्र तुमच्या वहीबद्दल लिहिते आहे.

मागच्या दिवाळीआधी आमच्या भासऱ्यांची, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाची, जुनी उधारी चुकती करायला मी एका दुकानात गेले. दुकानदार भाऊंनी वही माझ्याकडे फिरवली आणि म्हणाले, "पाहून घ्या ताई, खात्री करून घ्या." मी पाहत गेले. चहापत्ती, पावभर साखर, गोळी २. दुसऱ्या दिवशी बिडी बंडल, माचिस, गोळी २. पुढे तेल अर्धा पाव, गोळी २. निंदण-डवरणाचे ते दिवस होते. श्रावण संपेपर्यंत एकही दिवस असा नव्हता की ही दुखण्याची गोळी लिहिलेली नाही. फक्त पोळ्याच्या दिवशी नारळ आणि गूळ लिहिला होता, गोळी नव्हती. त्या दिवशी काम नव्हतं.

मी तिथेच थांबले. पुढची पानं मला उलटवेनात.

भासरे तेव्हा आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जात होते. एवढ्या वर्षांत त्यांना शुगर निघाली नव्हती, दारू त्यांनी कधी घेतली नाही. सगळ्यांनी एकच म्हटलं, खारं पाणी. आपल्याकडे कोणाची किडनी गेली की लोक पाण्याचं नाव घेतात आणि गप्प होतात. मीही घेत होते. त्या वहीनंतर मला गप्प बसणं जमत नाही, म्हणून हे पत्र.

पाण्याचं खोटं नाही. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत आपला खारपाणपट्टा पसरला आहे. आपल्या बोअरच्या पाण्यात वरण शिजत नाही, चहाला चव येत नाही, गुंडाच्या काठाला पांढरा थर बसतो तो चिंचेनेही निघत नाही. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरं पाणीच मिळत नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावं, असं भारतीय मानक सांगतं. आपल्याकडच्या कितीतरी विहिरी त्याच्याही पलीकडे आहेत. गोड पाणी नळाला नियमित आलं पाहिजे, त्यासाठी ग्रामसभेत मी भांडले आहे आणि भांडत राहीन.

पण भाऊ, खाऱ्या पाण्याची आणखी एक गोष्ट आहे, ती मी घरोघर फिरून पाहिली आहे. खारं पाणी माणूस कमी पितो. चवच नको वाटते. पैसे देऊन आणलेली कॅन पाहुण्यासाठी आणि लहान लेकरांसाठी जपून ठेवतात. वावरात जाणारी बाई एक बाटली भरून नेते आणि तीच दिवसभर पुरवते. कारण पाणी प्यायलं तर लघवीला जावं लागेल. तुरीच्या ओळी वाढल्या की निदान आडोसा होतो. जुलैत कापसाची पऱ्हाटी गुडघ्याएवढीही नसते, सोयाबीनमध्ये तर लपायला काहीच नाही. म्हणून बाया सकाळपासून पाणीच तोंडाला लावत नाहीत. पुरुषांचं दुसरं. त्यांच्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा असतो. तो थुंकून पाणी प्यायचं म्हणजे दहा-वीस रुपये मातीत, म्हणून तेही तहान मारतात. अकोल्याचा पारा मेमध्ये पंचेचाळिशीच्या पुढे जातो. नांगरटी, धुरे जाळणं, विहिरीचं खोदकाम, रोजगार हमीचं काम त्याच उन्हात होतं. अंगातलं पाणी घामावाटे निघून जातं आणि माणूस घरी येतो तेव्हा डोकं फुटून राह्यलं असतं, कंबर धरलेली असते.

मग तो तुमच्या दुकानात येतो. "दे ना बाप्पू एक गोळी, कंबर मोडून राह्यली." आणि तुम्ही बरणीत हात घालता.

त्या वेळी शरीरात काय होतं, ते मला भासऱ्यांच्या निमित्ताने एका डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मी ते माझ्या शब्दांत सांगते. किडन्या दोन, मुठीएवढ्या, बरगड्यांच्या खाली पाठीच्या बाजूला. एकेका किडनीत सुमारे दहा लाख बारीक चाळण्या असतात आणि दोन्ही मिळून दिवसाला जवळजवळ १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात. त्यातलं बहुतेक परत रक्तात जातं, दीड-दोन लिटर लघवी होते. आता वावराचं बघा. विहिरीत पाणी कमी असलं आणि शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचवायचं असलं की आपण काय करतो? दांडाचं तोंड मोठं करतो. किडनीही तेच करते. अंगात पाणी कमी झालं की तिच्याकडे रक्त नेणारी नळी शरीर रुंद करतं, म्हणजे चाळणीला रक्त कमी पडू नये. हे तोंड उघडं ठेवणारा एक पदार्थ शरीर स्वतः बनवतं. त्याच कुळातले पदार्थ दुखणं आणि सूजही वाढवतात. डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, निमेसुलाइड या गोळ्या ते बनणंच थांबवतात. म्हणून दुखणं थांबतं. आणि म्हणूनच नळीचं तोंड आवळलं जातं. पाणी भरपूर असलेल्या, धडधाकट माणसाला एखाद्या वेळी याने काही होत नाही. पण ज्याच्या अंगात पाणीच नाही, त्याने उन्हातून येऊन गोळी घ्यायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच, तिसऱ्या दिवशी पुन्हा, असं वर्षानुवर्षं केलं तर चाळण्या उपाशी राहून एकेक करून मरतात. मेलेली चाळणी परत येत नाही. ज्याला आधीच बीपी आहे, शुगर आहे, वय साठीच्या पुढे आहे किंवा लघवी वाढवणारी बीपीची गोळी चालू आहे, त्याचं तर लवकर बिघडतं.

हे सगळं होताना दुखत नाही. आपले लोक फसतात ते इथे. दात किडला तर रात्र काढवत नाही, किडनी मात्र अर्धी जाईपर्यंत रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिनसुद्धा, म्हणजे किडनीने बाहेर टाकायची रक्तातली घाण, फारसं वाढत नाही. भासरे मला म्हणायचे, "काही होत नाही वं, लय वर्सापासून घेतो मी." खरंच होतं ते. लय वर्षांपासून घेत होते.

गिधाडांची गोष्ट तुमच्यातल्या पन्नाशीच्या पुढच्यांना आठवेल. गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की तासाभरात आभाळ भरून यायचं. मग ती दिसेनाशी झाली आणि लोक म्हणाले, जंगल गेलं, झाडं गेली. कारण २००४ च्या सुमाराला कळलं. ढोरांना सूज-दुखण्यासाठी डायक्लोफेनॅकची सुई दिली जायची. असं ढोर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांच्या किडन्या बंद पडून ती काही दिवसांत मरायची. २००६ मध्ये सरकारने ढोरांसाठी ते औषध बंद केलं. गिधाडाचं शरीर वेगळं, ते या औषधापुढे फार नाजूक. माणूस एका गोळीने मरत नाही. पण औषध तेच आहे भाऊ, तुमच्या बरणीतलं.

आणि त्या पाकिटावर बारीक इंग्रजी अक्षरांत छापलेलं असतं की नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे विकायचं नाही. तुम्ही पत्ता कापून दोन-दोन गोळ्या देता, तेव्हा ते छापलेलं कापलं जातं. माझ्याकडे येणाऱ्या बाईला विचारलं की कोणती गोळी घेतली, तर ती सांगते "पिवळी", नाहीतर "लांबोडी". पुष्कळांना वाटतं की ही तापाचीच गोळी आहे, कारण तिच्यात पॅरासिटामॉल असतंच. पण सोबत डायक्लोफेनॅक किंवा असिक्लोफेनॅकही मिसळलेलं असतं. ज्या गोळीचं नाव घेणाऱ्याला माहीत नाही आणि देणाऱ्यालाही नाही, ती कोणाच्या पोटात जायला नको.

मी तुम्हाला दोष द्यायला बसलेली नाही. आरोग्य केंद्र लांब आहे, तिथे जायचं तर एका दिवसाची रोजी बुडते, आणि निंदणाच्या हंगामात तेवढं कोणाला परवडत नाही. रात्री अकराला दार वाजवलं तरी उघडणारे तुम्हीच आहात. उधार देणारेही तुम्हीच. लोक तुमच्याकडे विश्वासाने येतात. ती बरणी माझ्या डोळ्यांसमोर होती, माझ्याच घरात त्या गोळ्यांची रिकामी पाकिटं खाटेखाली सापडायची आणि मी झाडून टाकत होते. तीस वर्षांवरच्या माणसांचा जो फॉर्म आम्ही भरतो, त्यात तंबाखूचा प्रश्न आहे, कंबरेचं माप आहे. रोज दुखण्याची गोळी घेता का, हा प्रश्न नाही. मीही तो कधी आपणहून विचारला नाही. आता विचारते. आणि जे ऐकते, त्याने झोप लागत नाही.

डायलिसिस म्हणजे काय असतं, ते तुम्ही पाहिलेलं नसेल. पहाटे साडेपाचची एसटी. जिल्ह्याच्या ठिकाणी चार तास मशीनवर. हातातल्या दोन नसा जोडून तयार केलेली जाड नस. तिच्यावर बोट ठेवलं की मधमाशीसारखी घरघर लागते. त्यात दोन मोठ्या सुया. परत येताना माणूस जाऊबाईंच्या खांद्यावर मान टाकून झोपलेला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसला पैसे लागत नाहीत, आणि २०१६ पासूनच्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांत मशीनंही आली, हे खरं. पण एसटीचं भाडं, बाहेरचा चहा-नाश्ता, सोबत जाणाऱ्याची रोजी, इंजेक्शनं हे सगळं घरातून जातं. भासऱ्यांच्या दोन एकरांतलं एक एकर मक्त्याने गेलं.

सगळ्यात वाईट होतं ते पाणी. लघवी बंद झाल्यावर डॉक्टरांनी दिवसाचं पाणी मापून दिलं. जाऊबाई सकाळी एका स्टीलच्या गंजात तेवढं काढून ठेवायच्या, चहाही त्यातूनच. एप्रिलच्या दुपारी भासरे त्या गंजाकडे बघत बसायचे. कधी बर्फाचा खडा मागून घ्यायचे आणि गालात धरायचे, विरघळू नये म्हणून जीभ लावायची नाही. ज्या माणसाने आयुष्यभर वावरात एका बाटलीवर दिवस काढला, त्याला शेवटी पाणी प्यायची मनाई झाली. एकदा मला म्हणाले, "तवा प्यालो असतो तं." पुढे बोलले नाहीत. फाल्गुनात ते गेले.

तर माझी मागणी. बरणीतून दुखण्याच्या गोळ्या काढा. एकेकाने काढून उपयोग नाही, गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल आणि तुमचं मीठ-मिरचीही तिकडेच जाईल, हे मला समजतं. म्हणून सगळ्यांनी एका दिवशी काढा. चौकात बसून ठरवा, मी येते.

त्या जागी ओआरएसची पाकिटं ठेवा. एक पाकीट एक लिटर पाण्यात. उन्हातून आलेल्या माणसाचं डोकं दुखतं ते बहुतेक वेळा तहानेने दुखतं. त्याला आधी ते प्यायला द्या, अर्धा तास सावलीत बसू द्या. पाकीट नसेल तर एक लिटर चांगल्या पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा, सपाट भरून. ज्यांना बीपी, शुगर किंवा किडनीचा त्रास आहे, त्यांना तेवढं आधी मला किंवा डॉक्टरांना विचारायला सांगा. साधी पॅरासिटामॉल मी माझ्या पेटीत ठेवते, ती फुकट आहे, प्रमाणात दिली तर किडनीला बरी. पण तीही रोजच्या रोज खायची वस्तू नाही. आणि कोणाला हृदयाच्या डॉक्टरांनी लहान ॲस्पिरिन लिहून दिली असेल तर ती या पत्रामुळे बंद करू नका. चिठ्ठीवर जे चालू आहे ते डॉक्टरांना विचारूनच थांबवायचं.

दुकानासमोर एक माठ ठेवा. गोड पाण्याचा. आमच्या गटाच्या बाया तो आळीपाळीने भरतील, मी बोलून ठेवलं आहे.

मुकादमांना आणि शेतमालकांनाही हे वाचून दाखवा, कारण ते हिशोबाला तुमच्याकडेच येतात. दूर मध्य अमेरिकेत एल साल्वाडोर, निकाराग्वा या देशांत ऊसतोड मजुरांच्या किडन्या तरुणपणीच जाऊ लागल्या, ना शुगर ना बीपी. उन्हातली कष्टाची कामं आणि अंगातलं पाणी पुन्हापुन्हा आटणं हे त्यामागचं मोठं कारण मानलं जातं. तिथे पाणी, सावली आणि मधला विसावा यांची सोय करण्यावर भर दिला गेला. आपल्या मालकांनी धुऱ्यावर पाण्याची टाकी आणि चार काठ्यांवर जुनी साडी बांधून बायांसाठी एक आडोसा एवढं केलं, तरी बाया पाणी पितील. याला किती खर्च येतो? दुपारी बारा ते तीन काम थांबवून सकाळी लवकर सुरू केलं तर रोजीही बुडत नाही, कामही तेवढंच होतं.

खर्रा आणि पाच रुपयांची खारी पाकिटं यावर वेगळं पत्र लिहावं लागेल, आज नाही. एवढंच सांगते की जागतिक आरोग्य संघटना माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा एक चमचा, सगळं धरून. आपला ठेचा, लोणचं, पापड आणि वर खारं पाणी मिळून ते दुपारच्या शिदोरीतच संपतं. मीठ जास्त की बीपी वाढतं, आणि वाढलेलं बीपी किडनीचा शत्रू. तंबाखूचंही तसंच.

आता शेवटचं, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात कामाचं. गावात कोण रोज गोळी खातं, हे मला माहीत नाही, डॉक्टरांना माहीत नाही, घरच्यांनाही पुष्कळदा माहीत नसतं. ते फक्त तुमच्या उधारीच्या वहीत लिहिलेलं आहे. मला ती नावं हवी आहेत. उपकेंद्रात गरोदर बायांची लघवी ज्या पट्टीने तपासतात, त्याच पट्टीने लघवीतून प्रथिनं जातात का हे कोणाचंही कळतं. दोन मिनिटं लागतात, सुई टोचावी लागत नाही. सोबत बीपी बघायचं. लघवीला फेस येतो, सकाळी डोळ्यांखाली सूज असते, पायावर बोट दाबलं की खड्डा राहतो, रात्री तीनतीनदा उठावं लागतं, अशा माणसाला पुढे क्रिएटिनिन तपासायला पाठवायचं. या टप्प्यावर सापडला तर माणूस वाचतो. गोळी बंद, बीपी ताब्यात, मीठ कमी, पाणी वेळेवर, एवढ्यावर कितीतरी वर्षं चांगली जातात. भासरे सापडले तेव्हा ते सगळं मागे पडलेलं होतं.

मी गुरुवारी दुपारी उपकेंद्रात असते. वही घेऊन या. आपण दोघं बसून नावं काढू, ती नावं माझ्या तोंडून बाहेर जाणार नाहीत, कोणाची किती बाकी आहे हे मी पाहणारही नाही. कापसाची पहिली वेचणी लागायच्या आधी हे झालं पाहिजे. वेचणी लागली की सकाळी सातला बाया कंबरेला ओटी बांधून, हातात डबा घेऊन तुमच्याच दुकानासमोर उभ्या असतात.

तुमची,
गावची आशा